पेप्टाइड औषधांतली अनैसर्गिक अमिनो आम्ले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या, प्रयोगशाळेत नव्याने आलेली मुलेमुली पहिल्या काही महिन्यांत जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न ही औषधे घेणाऱ्यांकडूनही येतात. उत्तरे सारख्या लांबीची नाहीत. जिथे हात पोळतात, तिथे जास्त बोललो आहे.

"अनैसर्गिक" म्हणजे निसर्गात नसलेले का?

नाही, आणि हे नाव थोडे फसवेच आहे. पेशी प्रथिने बांधताना २० अमिनो आम्ले नेहमी वापरते. सेलेनोसिस्टीन आणि पायरोलायसीन ही दोन क्वचित लागणारी धरली तर २२. या यादीबाहेरचे कोणतेही अमिनो आम्ल आमच्या बोलण्यात "अनैसर्गिक" ठरते. ऑर्निथीन आणि सिट्रुलीन आपल्या यकृतात अहोरात्र तयार होत असतात, पण रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिने बांधणारे यंत्र, त्यांना प्रथिनाच्या साखळीत घेत नाही, म्हणून तीही बाहेरचीच. जिवाणूंच्या पेशीभित्तिकेत डी-ॲलानीन, म्हणजे नेहमीच्या एल-ॲलानीनची आरशातली प्रतिमा, असते. मधुमेह आणि वजनावरच्या सेमाग्लुटाइड या औषधात बसवलेले आयब, म्हणजे अल्फा-अमिनोआयसोब्युटिरिक आम्ल, काही बुरशींच्या पेप्टाइडांत सापडते. इतकेच काय, १९६९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केतही ते सापडले आहे. आकाशातून पडलेल्या वस्तूला अनैसर्गिक म्हणणे जरा विनोदीच, पण शब्द रूढ झाला आहे. आम्हीही तोच वापरतो.

साधी २० आम्ले असताना यांची गरज का पडते?

शरीरातली पेप्टाइड संप्रेरके थोडा वेळ काम करून नाहीशी व्हावीत, अशीच घडलेली असतात. जीएलपी-१ हे त्याचे ठळक उदाहरण. जेवणानंतर आतड्यातून ते रक्तात येते आणि साधारण दोन मिनिटांत त्यातले निम्मे निकामी होते. डीपीपी-४ नावाचे विकर त्याच्या सुरुवातीची दोन आम्ले, हिस्टिडीन आणि ॲलानीन, छाटून टाकते. कातरीला नेमके ते दुसऱ्या जागेवरचे ॲलानीन लागते. त्या जागी आयब बसवले, म्हणजे ॲलानीनच्या मधल्या कार्बनवरच्या हायड्रोजनऐवजी आणखी एक मिथाइल गट आणला, की कातरीला तिथे नीट पकड मिळत नाही. जीएलपी-१ची नक्कल करणाऱ्या सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड या दोन्हींत दुसऱ्या जागी आयबच आहे. टिर्झेपटाइडमध्ये तेराव्या जागी आणखी एक आहे.

सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदाच घ्यावे लागते याचे सगळे श्रेय मात्र आयबला देऊ नका. लायसीनला जोडलेली मेदाम्लाची लांब शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून बसते, हा त्यातला मोठा भाग. पण डोके शाबूत नसेल तर शेपटीचा काय उपयोग?

दुसरे उदाहरण सोमॅटोस्टॅटिनचे. १४ आम्लांचे हे संप्रेरक रक्तात दोन-तीन मिनिटे टिकते. त्याचा कामाचा भाग तेवढा ठेवून, एल-ट्रिप्टोफॅनच्या जागी डी-ट्रिप्टोफॅन घालून आणि टोकाला डी-फिनाइलॲलानीन बसवून ८ घटकांचे ऑक्ट्रिओटाइड तयार झाले. त्याचे अर्धायुष्य दीड तासाच्या वर जाते. आपली पचन-विकरे डाव्या हाताचे, म्हणजे एल-रूपाचे, पेप्टाइड कापायला घडलेली आहेत. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट जात नाही, तसेच हे.

टिकाऊपणा हे एकच कारण नाही. काही आम्ले साखळीला हवा तसा बाक देतात, काही ग्राहीच्या (पेशीवरच्या, संप्रेरक जिथे बसते त्या जागेच्या) खोबणीत साध्या आम्लापेक्षा घट्ट बसतात. वंध्यत्वाच्या उपचारातल्या सेट्रोरेलिक्स या औषधात १० पैकी ५ आम्ले डी-रूपाची आहेत. त्यातली नॅफ्थाइलॲलानीन, क्लोरोफिनाइलॲलानीन आणि पिरिडिलॲलानीन ही तर बाजूच्या साखळीनेही वेगळी. मूळ संप्रेरक, जीएनआरएच, ग्राहीला चालू करते. हे औषध तीच जागा अडवून बसते.

आयब बनवायला अगदी सोपे आहे, असे म्हणतात. खरे का?

बनवायला सोपे, जोडायला अवघड. ॲसिटोन, अमोनिया आणि सायनाइड यांपासून अमिनो नायट्राइल करायचे आणि मग त्याचे जलअपघटन करायचे. ॲडॉल्फ स्ट्रेकरने १८५० साली ॲलानीन केले तीच ही वाट, फक्त ॲसिटाल्डिहाइडऐवजी ॲसिटोन. दोन्ही बाजूंना मिथाइलच असल्यामुळे डावे-उजवे असा भेदच उरत नाही, आणि या क्षेत्रातली सर्वांत मोठी डोकेदुखी आपोआप टळते. राहते ती सायनाइडची. ते काम योग्य सोय आणि प्रशिक्षण असलेल्या ठिकाणीच होते. विद्यार्थ्याने हौसेने हात घालायची ती गोष्ट नाही.

मग ज्यांना डावे-उजवे आहे ती आम्ले कशी बनवतात?

इथे एकच राजमार्ग नाही. मी नव्या माणसाला तीन प्रश्न विचारायला सांगतो: किती हवे, किती प्रकारची हवीत आणि बाजूची साखळी किती विचित्र आहे. पाच ग्रॅमसाठी शहाणपणाची असलेली वाट पाचशे किलोला वेडेपणाची ठरते.

पहिली वाट म्हणजे तयार आम्लच थोडे बदलणे. एल-फिनाइलॲलानीनची फॉर्माल्डिहाइडशी आम्लात क्रिया केली की टिक नावाचे वलय असलेले आम्ल मिळते. डी-फिनाइलॲलानीनपासून डी-टिक. इकाटिबंट या औषधात ते आहे. त्याच्या शेजारचे ऑइक हे इंडोलिनच्या वलयाचे हायड्रोजनीकरण करून मिळते. रक्तदाबाच्या पेरिंडोप्रिलमध्येही तोच तुकडा असल्याने त्याची रसायनविद्या आधीच पक्की झालेली होती. सेरीनपासून आयोडोॲलानीन करून त्याचे जस्ताचे संयुग बनवले, तर पॅलेडियमच्या साह्याने त्यावर जवळपास कोणतेही सुगंधी वलय बसवता येते. थोडी थोडी पण पन्नास प्रकारची आम्ले हवी असतील, तर मला हीच वाट आवडते. हाताची बाजू सेरीनकडून आयती मिळते आणि आपण ती फक्त सांभाळायची.

दुसरी वाट ग्लायसीनला नटवण्याची. बेंझोफिनोनशी जोडलेल्या ग्लायसीन एस्टरमधल्या मधल्या कार्बनवर हवी ती साखळी चढवायची. मार्टिन ओडॉनेल यांनी १९८९ साली सिंकोनाच्या सालीतल्या अल्कलॉइडपासून केलेला उत्प्रेरक वापरून क्लोरोफिनाइलॲलानीन केले. एका हाताचे आधिक्य (दोन हातांच्या टक्क्यांतला फरक) ६६ टक्केच होते, पण स्फटिकीकरणाने ते ९९ च्या पुढे नेता आले. नंतर त्याच अल्कलॉइडावर अँथ्रासीनचा गट चढवून उत्प्रेरकच सुधारला गेला आणि आधिक्य ९० च्या वर गेले. पाणी, तेल आणि मधे फिरणारा उत्प्रेरक, एवढ्यात काम होते. कोरडे सॉल्व्हंट, उणे अठ्ठ्याहत्तर अंश तापमान असले नखरे लागत नाहीत. शॉलकॉफची पद्धत याच कुळातली. तिथे व्हॅलीनला ग्लायसीनसोबत एका वलयात बांधतात. व्हॅलीनचा मोठा गट एक बाजू अडवून धरतो, त्यामुळे नवा गट दुसऱ्याच बाजूने शिरतो. आधिक्य उत्तम मिळते, पण नंतर ते व्हॅलीन वेगळे काढावे लागते आणि मोठ्या प्रमाणावर ते महाग पडते. निकेलच्या लाल संयुगाची वाटही आहे. तिचा रंग पाहून विद्यार्थी खूश होतात, निकेलचा अंश शोधणारे विश्लेषक होत नाहीत.

तिसरी वाट हायड्रोजनीकरणाची. दुहेरी बंध असलेले डिहायड्रो-अमिनो आम्ल घ्यायचे आणि ऱ्होडियमच्या कायरल, म्हणजे स्वतः एकाच हाताच्या, उत्प्रेरकाने हायड्रोजन एकाच बाजूने चढवायचा. विल्यम नोल्स यांनी मोन्सॅन्टोमध्ये याच तत्त्वावर पार्किन्सनवरचे एल-डोपा कारखान्यात बनवून दाखवले. २००१ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा यासाठीच होता. बरेच टन माल हवा असेल आणि बाजूची साखळी सुगंधी असेल, तर आजही हा पर्याय आधी तपासावा.

विकरांकडून करून घेता येत नाही का?

येते, आणि मोठ्या प्रमाणावर बऱ्याचदा तेच जिंकते. अमॉक्सिसिलीनला लागणारे डी-हायड्रॉक्सिफिनाइलग्लायसीन हायडँटोइनपासून विकरांनीच बनते. त्यात एक गंमत आहे: विकर फक्त डी हाताचे हायडँटोइन उघडते आणि मागे राहिलेले एल त्या द्रावणात आपसूक डी-एलच्या मिश्रणात बदलत राहते. त्यामुळे अखेर सगळेच डी होऊन बाहेर पडते. टर्ट-ल्युसीन हे बाजूच्या साखळीत फार गर्दी असलेले आम्ल, निर्मात्रेल्विरसारख्या विषाणूविरोधी औषधांत लागणारे. तेही ल्युसीन डिहायड्रोजनेजने बनवता येते. फ्रान्सिस आर्नल्ड यांच्या गटाने ट्रिप्टोफॅन सिंथेजचा एक भाग उत्क्रांत करून इंडोलपासून ट्रिप्टोफॅनची कितीतरी भावंडे एका पायरीत केली.

अडचण वेळेची. आज हवे असलेले आम्ल विकराला आवडत नसेल, तर ते विकर सुधारण्यात महिने जातात. शोधाच्या टप्प्यावर रसायनशास्त्र, कारखान्याच्या टप्प्यावर विकर, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी दिसते.

डी आणि एल वेगळे काढणे म्हणजे अर्धा माल फेकणेच ना?

साध्या विभाजनात हो, जास्तीत जास्त ५० टक्के. ॲसिटिल गट चढवलेले डी-एल मिश्रण ॲसायलेज विकराला दिले की ते एल मोकळे करते आणि डी तसेच राहते. नको असलेला हात गरम करून पुन्हा मिश्रणात बदलता आला, तर मात्र तो परत वापरता येतो. नको त्या अर्ध्याला गिऱ्हाईक मिळाले, तर दुधात साखर.

एफमॉकचा, म्हणजे अमिनो टोक झाकणारा, गट कशासाठी चढवायचा?

साखळी शेवटाकडून सुरुवातीकडे, एकेक आम्ल जोडत वाढते. ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ साली ही साखळी रेझिनच्या मण्यांवर बांधायची युक्ती काढली, म्हणजे प्रत्येक पायरीनंतर नुसते धुवायचे. १९८४ चे नोबेल त्याबद्दलच. येणाऱ्या आम्लाचे अमिनो टोक झाकलेले नसेल तर ती आपापसांतच जोडत सुटतील. मेरिफिल्ड झाकायला बॉक नावाचा गट वापरत, आणि त्या पद्धतीत शेवटी हायड्रोजन फ्लोराइड लागे. लुई कार्पिनो यांनी १९७० मध्ये आणलेला एफमॉक गट पायपरिडीनसारख्या सौम्य क्षारकाने निघतो आणि शेवटी टीएफए (ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल) पुरते. म्हणून बाजारात आज बहुतेक अनैसर्गिक आम्ले एफमॉक चढवूनच येतात.

हा गट चढवतानाही मळ शिरतो. एफमॉक क्लोराइड वापरले तर थोडे डायपेप्टाइड तयार होते, म्हणजे पुढे साखळीत एकाऐवजी दोन आम्ले शिरतात. एफमॉक-ओएसयू वापरले तर बीटा-ॲलानीन डोके वर काढते. ते अभिकर्मकाच्याच वलयातून येते. आणखी एक छुपा चोर म्हणजे ॲसेटिक आम्ल. स्फटिकीकरणातून ते थोडेसे मागे राहते आणि कपलिंगच्या, म्हणजे जोडणीच्या, वेळी साखळीच्या टोकाला ॲसिटिलची टोपी घालून तिची वाढ कायमची थांबवते. एकदा आमच्याकडे सुंदर लेबल लावलेली एक बाटली आली. शुद्धता ९९ च्या वर छापलेली. झाकण उघडताच व्हिनेगरचा वास. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दोन आठवड्यांचे काम त्या बाटलीत गेले.

९९ टक्के शुद्धता पुरेशी नाही का?

कशाची शुद्धता, यावर ते आहे. या पानावरचे एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचा.

जोडणी अपुरी राहिली तर एक आम्ल कमी असलेली साखळी तयार होते. तिचे वजन वेगळे असते, रेणूचे वजन मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर तिला लगेच पकडतो, आणि बहुतेक वेळा कॉलमवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या नळीत) ती वेगळीही होते. ३० जोडण्यांत प्रत्येक वेळी ९९ टक्के यश आले तरी शेवटी सुमारे ७४ टक्केच साखळ्या पूर्ण असतात. हे नुकसान मोठे दिसते, पण ते दिसते तरी.

चुकीच्या हाताचे आम्ल शिरले तर वजन तेच राहते. अणू तेवढेच, क्रमही तोच. मास स्पेक्ट्रोमीटर बघून न बघितल्यासारखे करतो. कॉलमवरही अशी साखळी अनेकदा मुख्य शिखराच्या पोटात लपते. आणि एकदा साखळीत बसलेला चुकीचा हात दुरुस्त करता येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

टक्केवारीचाही गोंधळ होतो. "९९ टक्के आधिक्य" म्हणजे १ टक्का चूक नव्हे, अर्धा टक्का: ९९.५ बरोबर, ०.५ चूक. सेट्रोरेलिक्ससारख्या पेप्टाइडात अशी पाच डी-आम्ले असतील, तर पाच निरनिराळ्या अशुद्धी प्रत्येकी अर्धा टक्का येतील आणि मिळून जवळपास अडीच टक्के. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये ग्लुकागॉन, लिराग्लुटाइड यांसारख्या पाच पेप्टाइडांच्या कृत्रिम जेनेरिकसाठी दिलेल्या मार्गदर्शनात मूळ औषधात नसलेल्या प्रत्येक नव्या पेप्टाइड अशुद्धीला ०.५ टक्क्याची मर्यादा आहे. ती पाच औषधे वेगळी, पण अर्धा टक्का किती मोठा मानला जातो ते यावरून कळते. म्हणून आम्ही आम्ल विकत घेतानाच ९९.८ किंवा त्याहून वरचा हात मागतो. पुढे कॉलमवर पैसे घालण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

डावे-उजवे मोजायचे कसे?

सुटे आम्ल असेल तर कायरल एचपीएलसी, म्हणजे दोन हात वेगळे करणारा खास कॉलम. तो कॉलम नसेल तर पीटर मार्फी यांनी १९८४ साली दिलेला अभिकर्मक हाताशी ठेवा. त्यात एल-ॲलानिनामाइडचा तुकडा असतो. आम्लाशी जोडला की डी आणि एलची दोन वेगळी संयुगे होतात, आणि ती साध्या सी-१८ कॉलमवर सुटतात, ३४० नॅनोमीटरवर छान दिसतात. बहुतेक आम्लांत एल आधी बाहेर येते, पण अनैसर्गिक आम्लाच्या बाबतीत ते गृहीत धरू नका. दोन्ही हातांचे नमुने चालवून पाहा.

तयार पेप्टाइडात मोजायचे तर ते आधी आम्लात उकळून तोडावे लागते, आणि उकळतानाही थोडे हात बदलतात. म्हणून तोडणी जड पाण्यातल्या जड आम्लात, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या, करतात. तोडताना हात बदलला की मधल्या कार्बनवर ड्युटेरियम बसतो, वजन एकाने वाढते, आणि ती चूक आधीची की आत्ताची हे कळते. मला ही युक्ती अजूनही देखणी वाटते.

जोडताना हात कोणाचा बदलतो?

फिनाइलग्लायसीन सर्वांत नाजूक. हिस्टिडीन आणि सिस्टीनही बिघडतात. आम्ल सक्रिय करून क्षारकात ताटकळत ठेवले की मधला हायड्रोजन ढिला होतो. क्षारक कमी, तापमान कमी, आधी सक्रिय करून ठेवायचा वेळ कमी, एवढे पाळले तरी बराच फरक पडतो. आयबला ही भीती नाही, कारण त्याच्या मधल्या कार्बनवर हायड्रोजनच नाही.

मग आयबचा त्रास कशात आहे?

गर्दीत. दोन मिथाइलांमुळे त्याच्यावर पुढचे आम्ल चढायला जागाच मिळत नाही. दोन आयब शेजारी आले तर साधे कपलिंग अर्धवट राहते. एचएटीयूसारखे तेज अभिकर्मक, दुप्पट वेळ, पुन्हा एकदा कपलिंग किंवा आम्लाचे फ्लोराइड करून घालणे, असे उपाय आहेत. नायट्रोजनवर मिथाइल असलेल्या आम्लांचेही असेच. तिथे शेवटच्या टीएफएमध्ये साखळी तुटण्याचा धोका वेगळा, विशेषतः अशी दोन शेजारी असतील तर.

यीस्टला शिकवून करून घेता येणार नाही का?

अर्धे काम येते. सेमाग्लुटाइडमध्ये साखळीचा साधा भाग यीस्टमध्ये वाढवून, आयब असलेला पुढचा तुकडा आणि मेदाम्लाची शेपटी नंतर रसायनाने जोडता येते. पेशीलाच नवे आम्ल शिकवण्याची पद्धत पीटर शुल्ट्झ यांच्या गटाने २००१ मध्ये ई. कोलाय या जिवाणूत दाखवली. "इथे थांब" असे सांगणारा यूएजी हा संकेत त्यांनी नव्या आम्लाला दिला. मोठ्या प्रथिनासाठी ती उपयोगी आहे. दहा आम्लांतली पाच डी असतील, तर रेझिनच सोपे.

औषध तुटल्यावर ही आम्ले शरीरात साठतात का?

साठतात की नाही, हे प्रत्येक औषधासाठी वेगळे तपासले जाते. सुटे झालेले आम्ल कुठे जाते, लघवीतून किती बाहेर पडते, साध्या आम्लाची जागा चुकून घेते का, हे विषशास्त्राच्या चाचण्यांत पाहतात. "अनैसर्गिक" या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही, तसे डोळे मिटून बसण्याचेही नाही. "फक्त संशोधनासाठी" असे लिहिलेल्या बाटल्यांतले पेप्टाइड मात्र टोचून घेऊ नका. त्यातला हात कोणता, हे विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते.

अशी आम्ले घातली की पेप्टाइड गोळीतून घेता येते का?

आपोआप नाही. विकरांपासून वाचणे आणि आतड्याची भिंत ओलांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सायक्लोस्पोरीन तोंडावाटे घेता येते. ११ आम्लांच्या त्या वलयात सात ठिकाणी नायट्रोजनवर मिथाइल आहे, त्यामुळे पाण्याला धरणारे हायड्रोजन कमी होतात, आणि उरलेले वलय आतल्या आत एकमेकांशी बांधून घेते. हे बुरशीने केले आहे, आपण त्याची नक्कल करतो. २०१९ मध्ये मान्यता मिळालेल्या सेमाग्लुटाइडच्या गोळीत वेगळा घटक घालून ते जठरातून शोषले जाईल असे पाहिले आहे, आणि तरीही रक्तात पोचतो तो जेमतेम एक टक्का.

विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी?

डायइथाइल ॲसिटामिडोमॅलोनेट घ्या, त्यावर बेंझाइल ब्रोमाइडचे एखादे भावंड चढवा, आम्लात उकळा. डी-एल मिश्रण मिळेल. त्याचे ॲसिटिल करून ॲसायलेजने विभाजन करा, दोन्ही अर्ध्यांना मार्फीचा अभिकर्मक लावा आणि दोन शिखरे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. एफमॉक चढवायची घाई नको. आणि व्हिनेगरचा वास आला, तर बाटली परत करा.